बाळ्यासाठी टक्कल

सोमवार, संध्याकाळ

आज साहेबाला फोनवर थाप मारली, चुलता वारला, अग्नी मलाच द्यायचाय. मला चुलताच न्हाय. काल खरं सांगून सुट्टी मागितली होती, माझा कुत्रा बाळ्या मेला म्हणून. तर मांडव्याच्या जेटीवर सगळ्यांसमोर दात काढतो, "कुत्राच ना रे? दुसरा आण!" दुसरा आण म्हणे! रोज बाळ्याला कवटाळून फोटो काढणारा हाच ढोंगी. आज मात्र लगेच रडका आवाज, "सावकाश ये रे बाबा."

थाप पकडली तर नोकरी जाईल, म्हणून टक्कल करायला बसलो. न्हावी म्हणाला, "कोण गेलं रे?" चुलता म्हणायचं होतं, तोंडातून बाळ्या निघालं, आन् भोकाड पसरलं.

वाचणाऱ्या, साहेबाला माझी थाप सांगितलीस तरी चालंल. पण मी रडलो हे कुणाला सांगू नको रे, पाया पडतो.