जुन्या राउटरांचा कौल

बाबा, त्या दिवशी तुम्ही देवाला कौल लावलाच नव्हता. काल सकाळी देवळात गुरवाने मला हे सांगितलं, आणि तेव्हापासून माझे हात माझे राहिलेले नाहीत. भात करपला, दुकानाच्या जमाखर्चात तेलाचे पैसे साखरेच्या खाली मांडले, संध्याकाळी दिवा लावायला काडी ओढली आणि ती बोटाला पोचेपर्यंत नुसती बघत राहिले. एवढी वर्षं मी धरून चालले की मॅट्रिकनंतर माझं शिक्षण देवाने थांबवलं. आणि देवाला कोणी विचारलंच नव्हतं.

मी देवळात गेले होते तुमच्या नातीसाठी. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता बी.एस्सी. होऊन मालवणात कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. दूरदूरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं एक काम असतं, त्याची परीक्षा तिला द्यायची आहे, केंद्र पणजीला. त्या कामात राउटर नावाचं यंत्र लागतं. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही खाडीवर तरीच्या धक्क्याला होडी घेऊन उभे असायचात आणि माणूस आला की विचारायचात, "खंय जावचा?" राउटर येणाऱ्या प्रत्येक निरोपाला तेच विचारतो आणि त्याला त्याच्या वाटेला लावतो. नुसत्या पुस्तकावरून हे येत नाही म्हणते, हाताखाली यंत्रं हवीत, तारा काढून बघायला हव्यात. नवी तर आमच्या स्वप्नातही नाहीत. मुंबईत एक जण मोठ्या ऑफिसांतून काढून टाकलेली जुनी विकतो, त्याच्याकडून घ्यायची. मग जुन्यातही निवड आली. पंचवीसशे नंबरचा सगळ्यांत स्वस्त, पण त्याची मेमरी थोडी, परीक्षेला हल्ली जे लागतं ते त्यात मावत नाही. सव्वीसशे नंबरचाही जुनाच, पण त्यात मावतं. आमच्या घरात त्यांची नावं पंचविशी आणि सव्विशी पडली, गोठ्यातल्या दोन म्हशींसारखी. तिचं ठरलं होतं की सव्विश्या दोन टोकांना आणि मधे एक पंचविशी, कारण मधे बसून दोघींना बोलतं करायला तेवढी पुरते. मी म्हटलं, "अगो, जुनंच घ्यायचं तर त्यातल्या त्यात नवं एकच घे." ती हसायलाच लागली. "आई, त्या एकाच्या पैशात माझे हे तीन येतत. आणि एकटो राउटर घेवन काय करू? तो बोलतलो कोणाशी?"

ह्यांना ते पटत नव्हतं. "लोक भंगार इकतत, आमचा चेडू इकत घेता," असं लेकीबद्दल दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं. खरी अडचण भंगाराची नव्हतीच. कणकवलीचं स्थळ आलं आहे, ती माणसं घाई करतायत. "परीक्षा लग्नानंतर दी. कोण नको म्हणता?" हे म्हणाले. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "लग्नानंतर कोण देता, बाबा? आईन दिली?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आमटीकडे. मग शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. "देवाक इचार. देव व्हय म्हणालो तर घे तुझे राउटर, दी परीक्षा, कणकवलेक मी नाय कळवतंय. नाय म्हणालो तर ह्या महिन्यात सुपारी फुटतली." ती ताट घेऊन उठली. विचारायला मी जायचं ठरलं. खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं. माझंही देवानेच ठरवलं होतं, हिचंही ठरवील.

तर काल आंघोळ करून, नारळ घेऊन देवळात गेले. तुमच्या वेळी नुकता पूजेला बसलेला तो पोरगेलासा गुरव आता म्हातारा झाला आहे, पण बोलणं तसंच. "काय इचारूचा?" मी सांगितलं. "देवाक आता भंगाराचो पण कौल?" म्हणाला आणि खो खो हसला. मग यंत्र काय करतं ते मला विचारून घेतलं, कारण देवाला अर्धवट सांगून चालत नाही. ताम्हनात फुलाचे कळे भिजवले. ते देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या चेडवाक जुनी यंत्रां घेवची आसत..." मी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मधेच तो थांबला. ओला कळा तसाच चिमटीत. "तू तरीवरच्या होडयेवाल्याचा चेडू ना गो? तुझ्या शिक्षणाक इल्लो तुझो बापूस. असोच, नारळ घेवन."

"व्हय," मी म्हटलं. "तेव्हा डावो पडल्लो."

"खंयचो डावो? कळे लावलेच खंय?"

मला वाटलं म्हाताऱ्याचा घोटाळा होतोय, दुसऱ्या कोणाचं माझ्यावर घालतोय. पण तो सांगत राहिला. "पूजेक बसल्यार माझा पयलाच गाराणा ता, म्हणान इसराक नाय. कळो उचललंय आणि तुझ्या बापाशीन माझो हात धरल्यान. म्हणता, ऱ्हवांदे, लाव नको. देव व्हय म्हणालो तर मी काय करतलंय? मगे थंयच खांबाक टेकान बसलो. खूप येळान उठलो, नारळ घेतल्यान नि गेलो." बाबा, मी मान वळवून तो खांब बघितला.

ती संध्याकाळ मला अजून दिसते आहे. आई पडवीत बाजेवर, उजवं अंग गेलेलं. धाकटे भाऊ अंगणात भांडतायत. मी आडाळ्यावर बसून नारळ खवते आहे आणि माझे कान वाटेकडे. तुम्ही मागच्या दाराने येता, पाय धुता, हातातला नारळ माझ्यासमोर ठेवता. "देवान नाय म्हटल्यान, बाय." देवापुढे ठेवलेला नारळ अख्खाच्या अख्खा घरी येत नाही, हे गावात शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही. मी तो फोडला आणि तोही खवायला घेतला. थोड्या वेळाने धीर करून विचारलं, "बाबानू, परत एकदा इचारलात तर?" तुम्ही केवढ्याने ओरडलात! "देवाक दोनदा इचारतत?" त्याआधी नाही, त्यानंतर नाही, तेवढाच एकदा तुमचा आवाज चढला. पुढच्या बाजाराला तुम्ही मालवणहून माझ्यासाठी शाईचं पेन आणलंत आणि म्हणालात, तरीचो हिशोब आता तू लिही. मला वाटलं, देवाने नाही म्हटलं म्हणून बाबा समजूत घालतायत. पेनाला मी हळदकुंकू लावलं होतं.

बाबा, देवाला मधे का घातलंत? आईला उचलून बसवायला घरात दुसरं माणूस नव्हतं, हे मला दिसत नव्हतं का? "बाय, माका तुका धाडूक जमाचा नाय," एवढं म्हणाला असतात. मी रडले असते, तुमच्यावर रुसले असते, आणि थांबले असते. तुमच्यावर रागावणं मला झेपलं असतं. देवावर कसं रागावू? आचऱ्याहून कॉलेजच्या मुलींची गाडी जायची तेव्हा मी देवळाच्या दिशेला हात जोडायची आणि तुझी इच्छा म्हणायची. माझ्या मुलीला हीच गोष्ट सांगून वाढवलं. देव नाही म्हणाला तर ऐकायचं, मी ऐकलं. तिने लहानपणी विचारलं होतं, "आई, तू रडलस?" मी म्हटलं होतं, देवापुढे कोण रडतं.

गुरव वाट बघून कंटाळला. "लावू मां आता?" म्हणाला आणि वाकला. पुढचं कसं झालं ते मला अजून कळत नाही. मी त्याचा हात धरला होता. माझ्याच तोंडून शब्द आला, "ऱ्हवांदे." त्याने कळा परत ताम्हनात टाकला. "तुका पण व्हयचा भय?"

"नाय," मी म्हटलं. "माका नायचा."

नारळ देवापुढेच ठेवून घरी आले. हे साखर तोलत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंतही थांबले नाहीत. "काय झाला?" "उजवो." "लगेच पडलो?" "लगेच." ह्यांनी पुडी बाजूला ठेवली, देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि आत हाक मारली, "गो, लाव फोन मुंबयक. पण भंगार नीट बघून घी!" तिने फोन लावला. पंखा फिरतो का, मेमरी किती टाकून देणार, दोन यंत्रं जोडायची तार बरोबर येणार का, चालू करून बघितलंय की नुसतं पुसून ठेवलंय. विकणारा तिच्या गळ्यात काहीतरी नवं मारत असावा, कारण ती म्हणाली, "नको, मला जुनेच हवेत, मला माहीत आहे कुठले." मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ह्यांनी माझ्यावर जसा विश्वास ठेवला तसाच मी तुमच्यावर ठेवला होता, एकही प्रश्न न करता.

हा कागद उद्या न्हाणीच्या चुलीत जाईल. ह्यांच्या हाती लागला तर कणकवलीला होकार जायचा. तुम्हाला जाब विचारायचा म्हणून लिहायला बसले, आणि आता विचारायला तोंड राहिलेलं नाही. देवाला मी कालपासून सांगते आहे की मी तुझं नाव घेऊन खोटं बोलले, पण तू 'नाही' असं तर म्हणाला नव्हतास. त्याला हे पुरेल. तुम्हाला मात्र खरं सांगते, बाबा. गुरवाने कळे लावले असते आणि माझ्या डोळ्यांदेखत डावा पडला असता, तरी मी घरी येऊन उजवाच सांगितला असता.