मुकालाझींच्या फाटकासमोरची चौदा नंबरची जागा

प्रति,
मा. वाहनतळ अधिकारी,
किगावा विभाग कार्यालय,
कंपाला.

विषय: नाकिवुले रस्त्यावरील श्री. येरेमिया मुकालाझी यांच्या घराच्या फाटकासमोर आखलेल्या चौदा नंबरच्या पार्किंगच्या जागेबाबत.

संदर्भ: याच विषयावरचे श्री. मुकालाझी यांचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांपैकी पहिल्यास आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर.

महोदय,

मी, जस्टीन नासाझी, किगावा वस्तीच्या स्थानिक समितीची अध्यक्षा, हा अर्ज श्री. मुकालाझी यांच्या वतीने सादर करीत आहे. आधीचे अर्ज त्यांनी स्वतः लिहिले होते. आता त्यांनी लिहिणे सोडले आहे. माझे वेण्या घालण्याचे दुकान त्यांच्या फाटकाच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे पुढे लिहिलेल्या गोष्टींपैकी बहुतेक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत आणि उरलेल्या त्यांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत.

श्री. मुकालाझी हे निवृत्त बसचालक. कंपाला ते काबाले या रस्त्यावर त्यांची हयात गेली. काबालेच्या डोंगरात धुक्यात समोरून ट्रक आला, तर दरीच्या कडेने बस मागे घेऊन वाट करून देणारा माणूस म्हणून चालकांमध्ये त्यांचे नाव होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी निळी टोयोटा घेतली, ती पत्नीसाठी. पत्नी श्रीमती फेयिबे नांतोंगो यांची डावी बाजू अर्धांगाच्या झटक्याने लुळी पडलेली. त्यांना बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बसता येत नाही आणि टेकडी उतरून मोठ्या रस्त्यापर्यंत चालता येत नाही. मुकालाझी त्यांना टोयोटातून हॉस्पिटलात व्यायामाला नेत आणि येताना वाटेत भाजलेली केळी घेत. ती दोघे गाडीच्या काचा खाली करून, रस्त्याची गंमत बघत, तिथेच खात बसायची. त्यांची चैन म्हणाल तर एवढीच होती.

आपणास माहीत आहेच की आमच्या रस्त्याच्या टोकाला व्यापाऱ्यांची पाच मजली इमारत उठली. तिच्यात दुकाने भरपूर आहेत आणि गाड्या ठेवायला जागा नाही. मग आपल्या कार्यालयाने आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा मारून पार्किंगच्या जागा आखल्या. रेघा मारल्या त्या दिवशी मुकालाझी पती-पत्नी गावी एका मयताला गेले होते. परत आले तेव्हा रंग वाळला होता, त्यांच्या फाटकासमोर चौदा हा आकडा पडला होता आणि आकड्यावर कोणाची तरी पिकअप उभी होती.

पिवळ्या कोटातली पावती फाडणारी मुलगी, शमीम, तेव्हा नवीनच लागली होती. मुकालाझींनी तिला समजावले की पोरी, हे माझे फाटक आहे, मला आत जायचे आहे. आजोबांना म्हणतात तसे ती म्हणाली, "जाज्जा, फाटक मलाही दिसतंय. पण माझ्या यंत्रात चौदा नंबर आहे. फाटक नाही." त्या दिवशी त्यांनी टोयोटा दोन टेकड्या पलीकडे, चर्चच्या आवारात ठेवली. फेयिबेबाईंना चार जणांनी खुर्चीत बसवून घरी आणले.

यावर त्यांनी पहिला अर्ज केला. आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की नकाशावर त्या ठिकाणी सलग भिंत आहे, तरीही स्थळपाहणी करण्यात येईल. स्थळपाहणीच्या दिवशी मुकालाझी पांढरा पायघोळ कांझू घालून, वर कोट चढवून सकाळपासून रस्त्यात उभे होते. आपले निरीक्षक साहेब गाडीतून आले. त्यांनी रस्त्याला एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. मुकालाझी प्रत्येक फेरीला हात करत होते. शेवटच्या फेरीला साहेबांनीही हात केला आणि ते निघून गेले. नंतर आम्हाला अहवालाची प्रत मिळाली. वाहन उभे करण्यास जागा उपलब्ध न झाल्याने स्थळपाहणी होऊ शकली नाही, असे तीत लिहिले आहे.

महोदय, या सगळ्याने रस्त्याची करमणूक झाली नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. टोयोटा बाहेर काढायची वेळ झाली की कोपऱ्यावरची बोडावाली पोरे जमत. आज बाहेर पडणार की नाही यावर पैजा लागत. माझ्या गिऱ्हाईक बायका अर्ध्या वेण्या घातलेल्या डोक्यांनी दारात येऊन बघत. मीही बघत असे. मुकालाझींनी फाटकावर पाटी लावली, तर तिच्यावर कोणी विकायचे शर्ट टांगले. त्यांनी फाटक लाल रंगवले, म्हणजे लांबून दिसेल. ते दिसू लागले, आणि इमारतीतले दुकानदार गिऱ्हाइकांना फोनवर सांगू लागले की लाल फाटकापाशी गाडी लावा.

त्यानंतर कायेम्बा नावाच्या व्यापाऱ्याने चौदा नंबरवर आपली पांढरी गाडी लावली आणि माल आणायला तो चीनला गेला. जागेचे पैसे त्याने आगाऊ भरले होते, त्यामुळे गाडीला हात लावता येणार नाही असे आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले. मुकालाझींचे फाटक बाहेरच्या बाजूला उघडते. गाडी त्याला इतकी खेटून होती की जेमतेम एक फट उघडे आणि तीतून ते स्वतः आडवे होऊन बाहेर येत. त्यांनी खटपट करून कायेम्बाचा चीनमधला नंबर मिळवला. तो अदबीने बोलला. "बाबा, गाडी बंद आहे, ती कोणाला काय त्रास देणार? तुम्ही दुसऱ्या फाटकानं जा ना." मुकालाझींनी सांगितले की घराला दुसरे फाटक नाही. "मग करून घ्या एक," तो म्हणाला, आणि त्याने प्रकृतीची चौकशी करून फोन ठेवला.

ती गाडी तिथे असतानाच फेयिबेबाईंना दुसरा झटका आला.

दुपारची वेळ होती. मी मुकालाझींची हाक ऐकली. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही, बस अडकली की वाहक-प्रवाशांना धक्का मारायला बोलवावे तशी ती हाक होती. मी धावले. त्यांनी टोयोटा सुरू करून फाटकापर्यंत आणली होती, फेयिबेबाई मागच्या सीटवर आडव्या होत्या आणि पुढे फाटकाची फट. अंगाने त्या भरदार; त्या फटीतून त्यांना काढणे शक्य नव्हते. भिंतीवरून काढावे तर भिंतीवर काचा लावलेल्या. बोडावाली पोरे आली. या वेळी कोणी पैज लावली नाही. दहा-बारा जणांनी कायेम्बाची गाडी चारही बाजूंनी धरली आणि उचलून एकेक वीत सरकवायला सुरुवात केली. गाडीचा भोंगा सुरू झाला तो थांबेना. शमीम धावत आली. तिने आधी यंत्राकडे पाहिले, मग टोयोटाच्या मागच्या सीटकडे, आणि गळ्यातले यंत्र पाठीवर टाकून तीही उचलायला लागली. दिवा फुटला, मडगार्ड चेपले, पण फाटक उघडले. पुढे रस्त्यात दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून वाट काढण्यात आणखी वेळ गेला.

हॉस्पिटलात जीव वाचला. डॉक्टर म्हणाले की थोडे आधी आणले असते तर बोलणेही वाचले असते. आता त्यांच्या तोंडून एखादा शब्द निघतो, तोही कष्टाने.

डॉक्टरांनी असेही बजावले की यापुढे ज्या घराच्या दाराशी गाडी पोहोचते त्याच घरात त्यांना ठेवावे. म्हणून फेयिबेबाई मुकोनोला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, सरोमेकडे, गेल्या. मुकालाझींनीही जायचे ठरवले होते, कपडे भरले होते. इतक्यात भिंतीवर आपल्या कार्यालयाची नोटीस लागली. ज्या फाटकातून वाहनांची ये-जा होत नाही ते कायमचे बंद समजण्यात येईल व त्या ठिकाणी सलग भिंत बांधून घेण्यात येईल, असा तिचा मजकूर होता. मुकालाझींनी कपड्यांची पेटी परत आत नेली.

तेव्हापासून ते रोज सकाळी आंघोळ करून, जुनी चालकाची टोपी घालून टोयोटात बसतात. गाडी सुरू करतात, अंगणातून फाटकापर्यंत आणतात आणि फाटक ढकलतात. समोर कोणाची ना कोणाची गाडी असतेच. मग ते हॉर्न वाजवतात, थोडे थांबतात आणि मागे बघत बघत गाडी परत आंब्याखाली नेऊन लावतात. ये-जा चालू आहे हे कोणीतरी पाहावे, एवढ्यासाठी. सुरुवातीला लोक हसले. आता कोणी हसत नाही. हॉर्न वाजला की बोडावाली पोरे दुसरीकडे बघतात. मी एकदा त्यांना म्हटले की बाबा, हे कशाला रोज, मी समितीची अध्यक्षा आहे, मी लिहून देते फाटक चालू आहे म्हणून. ते म्हणाले, "तू लिहून देशील गं. पण माझं फाटक बंद पडलं, तर ती यायची कुठून?"

कायेम्बाविषयी एक सांगितले पाहिजे, कारण त्याच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. तो परत आला तेव्हा फुटलेला दिवा पाहून तावातावाने फाटकाशी गेला होता. मधल्या काळात काय घडले ते त्याला तिथे कळले. त्याने दिव्याचा विषय काढला नाही, दुसऱ्या दिवशी मटोके केळ्यांचा एक घड आणून दिला आणि गाडी तिथून काढली. त्याने गाडी काढली आणि त्याच जागेवर त्याच सकाळी दुसऱ्या कोणाची लागली. माणसे सगळी बरीच आहेत, महोदय. प्रत्येकाला थोडाच वेळ थांबायचे असते.

आता या अर्जाचे कारण. मुकालाझी आपला फोन माझ्या दुकानात चार्जिंगला लावतात. परवा तो तिथेच वाजला आणि ऐकू कमी येत असल्याने त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले. फोन सरोमेबाईंचा होता. त्यांनी सांगितले की फेयिबे जेवत नाही, औषध तोंडातून बाहेर काढते, रस्त्यावरून गाडी गेली की दाराकडे मान वळवते. डॉक्टरांना विचारले, तर त्यांनी आता तिच्या मनासारखे करा एवढेच सांगितले. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी मी तिला घरी आणतेय, भाऊजी. भाच्याची गाडी सांगितलीय. गाडी दारात लागेल ना, तेवढं मला सांगा."

काबालेच्या डोंगरात बसभर माणसांचा जीव हातात धरलेला माणूस, पण मुकालाझींना या एका प्रश्नाला हो म्हणता येईना. शेवटी ते म्हणाले, "विचारून सांगतो."

कोणाला विचारणार ते त्यांनाही माहीत नव्हते. त्यांनी टोपी घातली आणि ते घरी गेले. म्हणून मी आपल्याला विचारीत आहे.

पहिल्या अर्जात त्यांनी रस्त्यावरचे पार्किंगच रद्द करावे असे मागितले होते. दुसऱ्यात फाटकापुरत्या रेघा पुसून मागितल्या. तिसऱ्यात सकाळची ठरावीक वेळ मागितली. त्या तिन्ही मागण्या आम्ही या अर्जाद्वारे मागे घेत आहोत. रेघा राहू द्याव्यात, आकडाही राहू द्यावा. नकाशात फाटक दाखवावे असाही आग्रह नाही. शमीमशी मी बोलले आहे. ती म्हणते, "साहेबांच्या सहीच्या दोन ओळी मिळाल्या तर शनिवारी मी स्वतः चौदा नंबरवर उभी राहते, कोणाला लावू देत नाही. नाहीतर रिकामी जागा दिसली म्हणून मलाच घरी पाठवतील." आपण कृपया त्या दोन ओळी द्याव्यात. आजपासून शुक्रवारी कार्यालय बंद होईपर्यंत मी आपल्या दाराबाहेर बसून राहीन. शिपायांनी उठवले तर जिन्यात बसेन.

ओळींमध्ये किती वेळासाठी ते लिहावे लागेल, असे आपले लिपिक म्हणाले. ते मला सांगता येत नाही. फेयिबेबाईंना गाडीतून उतरायला वेळ लागतो. आधी उजवा पाय बाहेर येतो, मग त्या दम घेतात. मग मुकालाझी खाली वाकतात, त्या त्यांच्या मानेत हात घालतात, आणि पुन्हा थोडे थांबतात. त्यांना घाई केलेली चालत नाही. त्या फाटकाच्या आत गेल्या की जागा लगेच आपली.

आपल्या उत्तरासाठी जिन्यात बसलेली,
आपली नम्र,

(सही)
जस्टीन नासाझी
अध्यक्षा, स्थानिक समिती, किगावा वस्ती

श्री. येरेमिया मुकालाझी यांची सही: (सही)

दिनांक: १४ मार्च, गुरुवार

सोबत:
आधीच्या तिन्ही अर्जांच्या प्रती.
डॉक्टरांचे पत्र.
फाटकाचा फोटो (समोर गाडी उभी असल्याने फाटकाचा फक्त वरचा भाग दिसतो).