सव्वाशे मीटर खालचे जावईबापू

३ मार्च, सोमवार
आणला! मी काम करते त्या शोभेच्या माशांच्या दुकानात अकरा दिवस उपाशी राहिलेला तो मासा घरी आणला. बोटाएवढा, गुलाबी, पाठीवर पिवळा पट्टा. समुद्रात सव्वाशे मीटर खाली, उजेड जेमतेम पोहोचतो तिथल्या प्रवाळातला. वर आणताना त्याच्या पोटातली हवा फुगली, अजून तिरकाच पोहतो.
मालक म्हणाले, "हे घरच्या टाकीत जगत नाहीत. उद्या फेकायचाच आहे. तुला डिग्रीचं एवढं कौतुक आहे ना? ने, जगवून दाखव." काउंटरवरचे सगळे हसले.
दाखवीन!

४ मार्च
टाकी माझ्याच खोलीत. खिडकीला काळं कापड, एक मंद निळा दिवा. आई दारात कमरेवर हात ठेवून — "ह्याला अंधार हवा, गारवा हवा, जेवण आयतं तोंडासमोर हवं. मासा आहे की जावई?" झालं, नाव पडलं. जावईबापू.
दादा म्हणतो, "घरात पहिली पदवी आली, आणि ती माशाची सरबराई करतेय." करतेय तर करतेय!

६ मार्च
खात नाही.

९ मार्च, रविवार
पाणी वीस अंशांवर हवं, म्हणून टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडते. मी दुकानात असते तेव्हा आई बदलते. तोंडाने कुरकुर, पण वेळ एकदाही चुकवली नाही.
बाबा आज बराच वेळ टाकीसमोर बसले. थर्मामीटर बघितला.

११ मार्च, मंगळवार
घरी आले तर बाटल्या गायब. बाबांनी सकाळीच जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर जोडून टाकीत गार नळीचं वेटोळं सोडलं होतं. पाणी बरोबर वीस! "चांगल्यातलं तांबं वापरलंय," म्हणाले. चेहऱ्यावर केवढं कौतुक.
आणि तळाशी, शेवाळ खायला सोडलेल्या गोगलगायी उलट्या पडलेल्या. जावईबापू कोपऱ्यात धापा टाकतायत.
तांबं! तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याहून चांगली वस्तू ठाऊक नाही. खाऱ्या पाण्यात मात्र ते विष. मी ओरडले. "निदान विचारायचं तरी!" आणखीही बोलले, ते इथे लिहिणार नाही.
बाबा एवढंच म्हणाले, "आधी काय करायचं ते सांग." मिठाचं पाणी दोन पिंपं तयार होतं म्हणून निभावलं. तिघांनी बादल्या वाहिल्या.

१२ मार्च
जिवंत आहे. बाबांशी बोलले नाही. ती नळी त्यांनी पुसून, नीट गुंडाळून कपाटावर ठेवलीये.

१५ मार्च, शनिवार
बाबा कागदावर चित्र काढून घेऊन आले. जुन्या फ्रिजमध्ये प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं, टाकीतलं पाणी त्यातून फिरून परत टाकीत. "प्लास्टिक चालेल ना, मॅडम?"
चालेल, बाबा. मग मी माफी मागितली. "पुरे," म्हणाले, "तो पाना दे इकडे."

२२ मार्च
खाल्लं!!! डासाएवढी एक जिवंत कोळंबी. आई ओरडली, "जेवले गं, जेवले!" शेजारच्यांना वाटलं, पाहुणे आलेत.

१० मे, शनिवार
सात आठवडे रोज खातोय. सरळ पोहतो. रंग असा उजळलाय की निळ्या दिव्यातही डोळ्यांत भरतो. मालकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला, मग दुकानभर फिरवला. आज कोणी हसलं नाही. रस्ताभर मी एकटीच हसत आले.

१६ मे, शुक्रवार
मालक चाळीस मागवतायत. चाळीस! सोमवारी ऑर्डर जाणार. "घरात जगतो हे तूच सिद्ध केलंस. आता मोठी गिऱ्हाइकं घेतील. त्यांना शिकवायचं काम तुझं."
मासे वर काढून देणाऱ्या पाणबुड्याला मी फोन केला. वाटेत किती जातात? तो सहज म्हणाला, "एक पोहोचतो तेव्हा चार तरी जातात, ताई."
म्हणजे चाळीस पोहोचवायला दोनशे वर काढायचे. माझ्या एका व्हिडिओपायी.
जेवताना सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "तू नाही म्हण." मी नाही म्हटलं तर शिकवायला दुसरं कुणी ठेवतील. मासा जगतो, हे तर त्यांनी डोळ्यांनी बघितलंय ना! सगळ्यांना खोटं पाडायला निघाले होते मी. पाडलं. आता काय?
बाबा मधेच ताटावरून उठले.

१७ मे, शनिवार
बाबांनी कपाटावरची तांब्याची नळी काढली, तिचा फोटो मालकांना पाठवला आणि आमच्यासमोर फोन लावला. "साहेब, चूक माझी. ही नळी टाकीत सोडली. पोरीचा मासा गेला." मालक इतके हसले की आईलाही ऐकू आलं — "तीस वर्षांचे मेकॅनिक ना तुम्ही? बघा, मी म्हणतच होतो, घरात नाही जगत! आता कशाला मागवतोय मी?"
सोमवारी दुकानात सगळे मला हसणार. बाबांनाही.
हसू देत! जावईबापूंनी आत्ताच तिसरी कोळंबी गिळली.