ठकूबाईच्या मेंढ्या

१ डिसेंबर २०२४, रविवार

आलो एकदाचे मुलुंडला! दहिसरच्या दीड खोलीतून बाराव्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीत सगळा डोंगरच येतो. वॉचमन लवूकाकांनी तुळशीची कुंडी स्वतः वर आणून दिली आणि म्हणाले, हय वारो बरो लागता. हर्षद सकाळपासून पडदे लावतोय. नवऱ्याच्या हातून एक सरळ लागेल तर शपथ. नवी गाडी मीच चालवायची, असं ठरलंय. लायसन्स आहे ना माझ्याकडे!

८ डिसेंबर, रविवार

पहिली लांबची फेरी. शहापूरच्या अलीकडे एक फाटा फुटतो आणि रस्ता तलावाला धरून जातो. काय झकास जागा! एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भातशेतं, आणि त्यांत मेंढ्याच मेंढ्या. दिवाळीनंतर धनगर घाट उतरून येतात, शेतकरी खतासाठी कळप शेतात बसवून घेतात. कळपाला रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागली. शेवटी एक म्हातारी, काखेत कोकरू. काच खाली करून नाव-गाव विचारलं. ठकूबाई, सिन्नरकडची. सून शकु घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे गेली होती. हर्षदने शेजारून हात लांबवून हॉर्न दिला तर म्हातारी हसली आणि म्हणाली, रस्ता त्यांचाच हाय, आपण पाव्हणं.

पुढच्या रविवारी परत येऊ म्हटलं.

१५ डिसेंबर, रविवार

हर्षद म्हणतो लिहू नकोस. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळचे सव्वाअकरा. रस्ता मोकळा होता, मी जोरात होते, वळणावर पाण्याकडे बघत होते. आधी एक मेंढी, मग धप्प असा आवाज. ब्रेक मारून मागे वळून पाहिलं. ठकूबाई चरात पडली होती. कोपरावर उठली. आमची नजरानजर झाली. तिने हात वर केला.

हर्षद म्हणाला, "थांबू नकोस, अबोली. आपली वाट लागेल. मिळेल कुणीतरी तिला."

दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. हे मला दिसत होतं. मी गाडी पुढे घेतली.

घरी येऊन आम्ही चहा केला. प्यायलोसुद्धा.

१६ डिसेंबर, सोमवार

हर्षदने गाडी धुतली. शेजाऱ्यांना सांगितलं, पार्किंगच्या खांबाला घासली. संध्याकाळी लिफ्टमध्ये ओल्या लोकरीचा वास येत होता. मी नाकाला ओढणी लावली. हर्षदनेही नाक पुसलं.

१८ डिसेंबर, बुधवार

रजा टाकून एसटीने गेले, हर्षदला न सांगता. सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते.

शकु भेटली. तिशीची असेल. आवराआवर चालली होती. मी वाटसरू आहे असं समजून तिने बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. सासू दुपारी तीनला सापडली, म्हणाली. तोवर जीव होता. शकुच्या मांडीवरच गेली. जाताना काय बोलली, ते तिने मला सांगितलं:

"गाडीतल्या बाईनं माघारी वळून पाहिलं. ती येईल. न्हाई आली, तर मी जाईन तिच्याकडं."

शकु माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, फार वाईट झालं. पाणी संपवलं. निघाले.

गेले होते, आणि तरी गेले नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

हर्षद म्हणाला, ऑफिसात दिवसभर पायांना काहीतरी घासत होतं. टेबलाखाली काही नाही. पोटऱ्या लाल झाल्यात. शकुने सांगितलेलं त्याच्या कानावर घातलं. तो चिडला. म्हातारी मेली, विषय संपला, म्हणाला.

२० डिसेंबर, शुक्रवार

हर्षद गेला.

सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. लवूकाकांनी कॅमेऱ्यात दाखवलं. एकटाच आहे. दोन्ही हातांनी काहीतरी लोटतोय, गुडघ्याच्या उंचीचं काहीतरी. मागे सरकतो. भिंतीला टेकतो. मग खाली, आणि उठताच येत नाही. चार मिनिटं. डॉक्टर म्हणाले, फासळ्या चेपल्यात, अवजड काहीतरी पडलं असेल.

शर्टावर खुरांचे ठसे. दोन-दोन पाकळ्यांचे. शेकडो.

२१ डिसेंबर, शनिवार

स्मशानातून परत. आई राहते म्हणाली, मी पाठवून दिलं. तिला नको यात.

पोलिसांना फोन लावला. पलीकडून फक्त बें बें— पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा म्हातारीचा आवाज, कळपाला हाकारणारा. हुर्र— हुर्र—

२२ डिसेंबर, रविवार, सव्वाअकरा

इंटरकॉम. लवूकाका म्हणाले, खाली एक म्हातारी इली हा, तुमका वळाखता म्हणता. वर सोडू नका म्हटलं. ते म्हणाले, ती तर केव्हाच—

जिन्यावर खुरं. लिफ्ट नाही, जिना. सावकाश चढतायत.

आठवा मजला असेल. नाही, जवळ—

दाराला बाहेरून अंग घासतायत. कडी हलते. वास. श्वास घेता येत नाही इतका—

हे शकुला मिळावं. पान फाडून खिडकीतून टाकेन.

शकु, गाडी मी चालवत होते. तुझी सासू जिवंत होती, हात वर करत होती, मी पाहिलं. बुधवारी तुझ्यासमोर बसून पाणी प्याले आणि बोलले नाही. हर्षदने सांगितलं म्हणून नाही, मी स्वतः—

दार उघडलं. ती मध्ये उभी आहे, बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंनी आत—

शकु, मी स्व