कुंकू लावलेली हार्ड डिस्क

चंद्रपूर, दसऱ्यानंतरचा सोमवार, २००६

आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीतली नवी हार्ड डिस्क गेली. दुकानदार रशीदभाईंनी संध्याकाळी तपासून सांगितलं, आतलं काही निघणार नाही. घेतानाच बजावलं होतं त्यांनी, "भाऊ, आधी पूर्ण भरून, वाचून पाहा. मंग नेटवर्कवर लावा."

पण संपादकांनी दसऱ्याला तिला कुंकू लावलं. "पूजा झाली ना, आता काऊन तपासून राह्यला?" लगेच एटापल्लीच्या सोमीबाईची आम्ही रेकॉर्ड केलेली गोंडी गाणी तिच्यात टाकली, जुन्या कॉम्प्युटरवरची पुसली.

आज म्हणतात, "रशीदनं मालच खराब देला." इतक्या सहज कसं बोलवतं? किळस आली. डिस्कवर कुंकू अजून तसंच.

सोमीबाई उन्हाळ्यात गेली. उद्या तिची लेक आईचा आवाज ऐकायला येणार. बोलावलं संपादकसाहेबांनीच. मला म्हणाले, "तूच सांगजो तिले."