करुणा किती दूध आणते

१२ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

करुणाचं पत्र आलं! कॅनडाहून बारा दिवसांत. लग्न होऊन गेली त्याला सात महिने झाले, हे पाचवं पत्र. तुळसानं आधी वाचलं. आईच ती, पोरीचं पत्र आलं की मला हात लावू देत नाही.

निम्मं पत्र दुधावरच. बाप दूध तपासणारा, म्हणून मुद्दाम लिहिते. तिकडंही दूध पिशवीत मिळतं म्हणे. पण कसं — एका मोठ्या पिशवीत तीन लहान पिशव्या, मिळून चार लिटर! आठवड्यातून एकदाच आणायचं. लहान पिशवी प्लास्टिकच्या जगमध्ये उभी करायची, कात्रीनं कोपरा उडवायचा, की झालं. तापवायचं नाही! साय येतच नाही. आणि पिशवीवर छापलेली तारीख पंधरा दिवस पुढची.

मला पटत नाही. वीस वर्षं इंदापूरच्या शीतकरण केंद्रावर बसून लोकांच्या दुधातलं पाणी शोधतोय. साय येत नाही ते दूध कसलं? पंधरा दिवस टिकतं म्हणजे काहीतरी घातलेलं असणार. शिवाय वर लिहिलेलं असतं म्हणे — फॅट दोन टक्के. इथं गाईचं दूध साडेतीनच्या खाली लागलं तर मी कॅन परत पाठवतो. तिथं दोन टक्के छापून विकतात, आणि लोक घेतात!

केंद्रावर जोतीरामला सांगितलं. तो कॅन उतरवून घेतो, त्याचं नाक माझ्या लॅक्टोमीटरपेक्षा तेज. म्हणाला, "फार्मालिन असंल, साहेब. पोरीला सांगा, चहाच पी म्हणावं. नुसतं दूध पिऊ नको."

पत्रात तसं लिहिणार आहे.

३ डिसेंबर

पुन्हा पत्र. माझ्या फार्मालिनला हसली आहे. कारखान्यातच तापवून, गार करून भरतात, साय दुधातच बारीक मोडून टाकतात, असं संघपालरावांनी समजावलं. जावई इंजिनियर. असेल.

या वेळी दुकानाबद्दल लिहिलंय. दर शनिवारी दोघं गाडीतून जातात. तारेची ढकलगाडी घ्यायची आणि आपल्या हातानं फळीवरून उचलून टाकत जायचं. पीठ, मीठ, भाजी, साबण, सगळं. कुणी विचारत नाही, काय पाहिजे. कुणी मोजून देत नाही. आठवड्याचं एकदम भरायचं, मग सहा दिवस दुकानाचं तोंड बघायचं नाही.

तुळसा ते वाचून म्हणाली, "आपल्या हातानं?"

"व्हय. तसं लिवलंय."

"माहेरी पिंपळीला आमचा दुकानदार मीठ वरनं सोडायचा पदरात. माझ्या आईच्या. हात लागू नये म्हणून." नंतर बराच वेळ तिचा हात पत्रावरच होता.

मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षांत.

२१ डिसेंबर

पत्र नाही. केंद्रावर दोन कॅन परत पाठवले. शिव्या खाल्ल्या.

१४ जानेवारी १९९७

पत्र. पण लहान. एकच पान, तेही एका बाजूनं.

एक वाक्य खटकलं. ते इथं उतरवून ठेवतो: "आता मी पिशव्या आणत नाही, एक लिटरचा कागदी खोका आणते. वरचं तोंड दाबलं की चोच निघते. पिशव्यांतलं दूध वाया जायचं."

वाया जायचं? दोन माणसांत चार लिटर, आठवड्याला? संघपालराव सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध पितात, हे बघायला आले तेव्हा त्यांच्या आईनंच कौतुकानं सांगितलेलं. नोव्हेंबरात चार लिटर संपत होतं, जानेवारीत वाया जातं?

तुळसाला म्हणालो, यात काहीतरी गडबड हाय.

"तुमाला सगळ्यातच गडबड दिसती," म्हणाली, आणि पत्र घेऊन गेली.

१५ जानेवारी

एक लिटर म्हणजे दिवसाला किती? वाटीभर. ही एका माणसाची चहापुरती सोय.

१८ जानेवारी

शनिवारबद्दल एक अक्षर नाही त्या पत्रात! आज लक्षात आलं. जावयाबद्दलही नाही. "आम्ही" कुठंच नाही. सगळीकडं "मी".

लोक माझ्यासमोर उभे राहून शपथा घेतात, पाणी नाही म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडं बघत नाही, आकड्याकडं बघतो. इथंही तेच करायला पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

बारामतीला जाऊन आलो. व्याह्यांकडं. सहज आलो असं दाखवलं.

आबाजीराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, भला माणूस. जयभीम घातला, गच्चीवर खुर्च्या मांडल्या. मी विचारलं, पोरांची खबर?

"झकास! परवाच फोन होता संघपालचा. बर्फ पडतंय म्हणाला."

"करुणा बोलली का?"

"ती... कामात होती वाटतं."

"तिकडं आता दूध कसं आणतात हो? पिशवीचं का खोक्याचं?"

"आता ते मी काय विचारू, राव!" हसायला लागले. त्यांचं हसू खरं होतं. पण तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन आल्या — सिंधुबाई — आणि पोरीचा विषय ऐकून कपातला चहा बशीत सांडला. थांबल्याच नाहीत, आत निघून गेल्या. मी निघालो तरी उंबऱ्यापर्यंत आल्या नाहीत.

बाईला माहीत आहे. आबाजीला नाही. काय माहीत आहे?

तुळसाला सगळं सांगितलं. म्हणाली, "त्यास्नी बरं नसंल." आणि गॅस पुसत राहिली. पुसलेलाच गॅस.

२० फेब्रुवारी

पत्र! त्यातलं जसंच्या तसं:

"दुकानात चालत जाते. पंधरा मिनिटं लागतात. दोन हातांत मावेल एवढंच आणते, त्यामुळं दोन-तीन दिवसांनी पुन्हा जावं लागतं. आपल्या इंदापूरसारखंच झालं."

गाडी कुठं गेली? बर्फातून चालत का?

आणि शेवटी: "यापुढं पत्र खालच्या पत्त्यावर पाठवा, आमच्या इमारतीतल्या टपालपेट्या बदलतायत." खाली कुणा हरजीतचा पत्ता.

पेट्या बदलतायत! सातवी नापास पोरगं पण यापेक्षा बरं खोटं बोलेल. करुणाला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून.

नोव्हेंबरपासूनची चारही पत्रं टेबलावर तारखेनं लावली. दूध: चार लिटर, चार लिटर, एक लिटर, एक लिटर. बाजार: गाडीनं, गाडीनं, काही नाही, पायी. जावई: आहे, आहे, नाही, नाही.

त्यानं हाकललं पोरीला. दुसरं काही असूच शकत नाही. गोरी कुणी ठेवली असेल घरात, तिला पाजतोय चार लिटर.

२१ फेब्रुवारी

केंद्रावर लक्ष नव्हतं. दोन कॅनची लॅक्टोमीटरची डिग्री अदलाबदल करून लिहिली. जोतीराम म्हणाला, "साहेब, जावा घरी."

१६ मार्च, रविवार

आज लावला फोन. संध्याकाळी बाजारपेठेतल्या बूथवरून. तिकडं सकाळचे नऊ. जुना नंबर.

संघपालनंच उचलला. आवाज झोपेतला.

"मी बोलतोय, करुणाचा बाप. जयभीम. करुणाला द्या."

"ती बाहेर गेलीय. दुकानात."

"काय आणायला?"

"दूध."

"किती?"

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "चार लिटर. नेहमीचंच."

नेहमीचंच! काचेला डोकं टेकवून उभा राहिलो. बाहेर लोक वाट बघत होते. मी म्हणालो, "जावईबापू, माझी पोरगी तुमच्या घरात न्हाय." त्यानं ठेवून दिला.

घरी येऊन तुळसाला म्हणालो, सापडला! जागेवर सापडला. मला वाटलं, रडेल, ओरडेल. तिनं फक्त विचारलं, "तो तिला शोधंल का आता?"

हा काय प्रश्न झाला?

१७ मार्च

तो तिला शोधंल का. रात्रभर हेच. पोरीला हाकलणारा तिला शोधेल कशाला?

तुळसाला काहीतरी माहीत आहे. माझ्याच घरात, माझ्यापासून!

२९ मार्च

तिच्यावर नजर ठेवून आहे. लाज वाटते लिहायला. अंगणवाडीतल्या कामावरून येताना पिशवी छातीशी धरून येते. पूर्वी खांद्याला असायची. मी आलो की पिशवी खुंटीला न लावता पेटीत ठेवते, आणि वर बसते.

आज म्हणालो, पोष्टमन भेटला होता. (भेटला नव्हता.) तिचा हात पिठातच थांबला.

१३ एप्रिल

ठरलं. उद्या जयंतीला बारामतीला जाणार. सगळा समाज जमेल. आबाजीरावांना चार माणसांत उभं करून विचारणार, तुमच्या पोरानं माझी पोरगी कुठं टाकली. तुळसाला सांगितलं.

"जाऊ नगा."

"का?"

"जाऊ नगा म्हणते ना."

"कारण सांग, न्हायतर मी चाललो."

पांढऱ्या पातळाची उद्यासाठी घडी घालत होती. तीच घडी तीनदा घातली.

१४ एप्रिल

गेलो नाही.

सकाळी शर्ट घालून निघालो, तर तुळसानं दारात पत्रांचा गठ्ठा हातात दिला. चार पत्रं. तिच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर आलेली, जानेवारीपासून. "वाचा आन् मग जायाचं तर जावा." आणि ती एकटी मिरवणुकीला गेली.

मला वाटत होतं त्यातलं एकच खरं निघालं — करुणा त्या घरात नाही. बाकी सगळं उलट.

त्यानं तिला हाकललं नाही. तीच निघाली. २८ डिसेंबरला, एका पिशवीत कपडे घेऊन. तो तिला शनिवारखेरीज दाराबाहेर पडू देत नव्हता. किल्ली त्याच्याकडं. दुकानात ढकलगाडी तो धरायचा, फळीवरचं तो उचलायचा, ती मागं चालायची. आपल्या हातानं घेतो, हे तिनं आम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं. एकदा दुकानातल्या बाईला तिनं रस्ता विचारला, म्हणून घरी येऊन मारलं. त्याआधीही एकदा मारलं होतं. सिंधुबाईला फोनवर सांगितलं तर त्या रडल्या फक्त. हरजीत म्हणजे शेजारच्या इमारतीतली एक पंजाबी नर्स. तिच्याकडं खोली. एका बेकरीत काम मिळालंय.

पहिल्या पत्रात हे आहे: "आई, काल एकटी दुकानात गेले. दुधाच्या कपाटासमोर अर्धा तास उभी होते. कुणी चल म्हणालं नाही. मग एक लिटरचा खोका घेतला. तो माझा."

आणि मी त्या खोक्यावरून पोरीची कीव करत होतो.

फोनवर मी त्याला सांगून बसलो, की ती गेल्याचं मला कळलंय. पत्ता सांगितला नाही, एवढंच नशीब.

दुपारी लांबून मिरवणुकीची हलगी ऐकू येत होती. मला जागेवरून उठता आलं नाही.

१५ एप्रिल

तुळसाला विचारलं, मला का नाही सांगितलं.

भाकरी थापता थापता म्हणाली, "तिनंच लिवलं हुतं. अण्णांना सांगू नको. ते आधी इचारतील, तू काय केलंस?"

मी म्हणालो, असं विचारलं असतं का मी कधी?

तिनं भाकरी उलटली.

काल पत्रं वाचताना, पहिल्या मारापाशी आलो तेव्हा, माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.