एकशे सतरा नंबरची काच

प्रिय अण्णा,

आज आईने तुमचा तपकिरी कोट कुणाला तरी द्यायला काढला. तुम्हीच शिवलेल्या चोरखिशात मला दवाखान्याची चिठ्ठी सापडली. नाव नाही, नुसता आकडा. एकशे सतरा. तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि मला आज कळलं, म्हणून लिहायला बसले.

क्षयाच्या दवाखान्यात मी काम करते हे ठाऊक असूनही तुम्ही तिथेच आलात? जीवशास्त्राच्या पदवीत एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि मला मिळाली तिथली प्रयोगशाळा. माझा पांढरा कोट तुम्ही राजाजीनगरातल्या दुकानात एका दुपारी शिवलात. शिवताना खोकत होता. "कापडाची धूळ गं, स्वल्प आहे," म्हणालात. मीही मान डोलावली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बेडक्याच्या काचेवर नाव नसतं, नंबरच असतो, हे मीच घरी सांगितलं होतं. त्या भरवशावर आलात ना? तुम्ही बाहेर बाकावर बसला असाल आणि मी भिंतीपलीकडे.

ती काच अजून डोळ्यांपुढून हलत नाही. प्रयोगशाळेच्या मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवली. मी हौसेने तिचा नंबर, एकशे सतरा, वहीत टिपून घेतला. आणि घरी येऊन जेवताना काय बोलले, अण्णा!

"आज काय सुंदर काच मिळाली! निळ्यावर जंतूंच्या लाल काड्या, मोजता मोजवेनात. हा माणूस काही वाचत नाही बघा."

तुमचा हात सारभातात थांबला. "औषध नसतं काय गं त्याला?"

"असतं हो. पण इतकं झाल्यावर काय उपयोग?"

"सरी, बरं," म्हणालात, आणि आईला माझ्या भातावर तूप वाढायला सांगितलंत.

मला काय येत होतं? काड्या मोजायला तेवढं शिकले होते. औषधाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तुम्ही तर गिऱ्हाइकांना सांगत होता, माझी लेक डॉक्टरांच्या बरोबरीने काम करते म्हणून! एवढा विश्वास का ठेवलात? एकदा रागावून तरी विचारायचं होतं.

निकाल आणि गोळ्या न्यायला सोमवारी यायचं असतं. एकशे सतरा नंबर आला नाही. रजिस्टरात "आला नाही" असं मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग एक दिवस शिवणाच्या कापडावर रक्त पडलं, आम्ही धावलो, आणि दोन दिवसांत तुम्ही गेलात.

तशाच भरलेल्या काचेची एक बाई होती. गोळ्या घेऊन ती सहा महिन्यांत कामावर गेली. हे तुम्हाला सांगू की नको, कळत नाही.

अण्णा, तीन आठवडे झाले, आई खोकते आहे. "धूळ," म्हणते. दुकान बंद आहे, धूळ कुठली?

उद्या तिला घेऊन जाते. तिची काच दुसरं कुणीतरी बघेल. काचेवर काहीही दिसो, रोजची गोळी मी माझ्या हाताने देईन, आणि ती गिळेपर्यंत समोरून हलणार नाही. तिलाही नंबरच मिळेल. पण या वेळी तो कुणाचा, हे मला माहीत असेल.

तुमची,
शकू